‘चित्रं प्रभावी आहेत’ याच्या पुढे काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिता, आता पहिल्यांदाच एका ग्राफिक नॉव्हेलवर लिहायचं आहे, आणि कथानक सांगून झालं की चित्रांबद्दल ‘प्रभावी’, ‘बोलकी’ या दोन शब्दांपुढे पेन सरकत नाही. चित्रकला शिकलेली नसताना यावर लिहायचा अधिकार आपल्याला आहे का, आणि असेल तर पानात नेमकं बघायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं कॉमिक्स काढते, इतरांच्या कॉमिक्समध्ये मराठी अक्षरं भरते आणि नव्या चित्रकारांची पानं तपासून देते. त्या कामातून जे हाताशी आलं आहे ते सांगते.

अधिकाराचं आधी. तो तुम्हाला पूर्ण आहे. कॉमिक्स वाचकासाठी काढलेली असतात. शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश यांचं शिक्षण झालेलं असेल तर चार गोष्टी जास्त दिसतील, पण ते नसल्यामुळे मुख्य गोष्ट हुकत नाही. कला महाविद्यालयातून आलेली माणसं परीक्षण लिहितात तेव्हा पुष्कळदा एकेक चित्र सुटं काढून बघतात, प्रदर्शनात भिंतीवर लावलेलं असावं तसं. कॉमिक्समधलं चित्र सुटं नसतंच. त्याच्या आधी एक असतं, नंतर एक असतं, समोरच्या पानावर आणखी असतात, आणि उघडलेली दोन्ही पानं वाचकाच्या नजरेला एकदम दिसत असतात. म्हणून माझं एकच सांगणं आहे, पुढचं सगळं त्याचाच विस्तार समजा: परीक्षणात ‘कथा’ आणि ‘चित्रं’ असे दोन रकाने पाडू नका. पान काय करतं ते लिहा.

कादंबरीचं पान छपाईच्या सोयीने तुटतं. आवृत्ती बदलली की पानं बदलतात आणि कादंबरीचं काही बिघडत नाही. कॉमिक्समध्ये मात्र पान हा रचनेचाच भाग असतो. आम्ही काम सुरू करतो तेव्हा चेहरे, कपडे, पार्श्वभूमी यांतलं काही काढत नाही. आधी बोटभर आकाराची थंबनेल्स, म्हणजे पानांचे कच्चे आराखडे, काढतो: या पानावर किती पॅनल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, कोणतं मोठं, कोणतं चिंचोळं, संवादाचे फुगे कुठे बसणार, पान उलटल्यावर पहिल्यांदा काय दिसणार. गोष्ट तिथेच सांगून झालेली असते, किंवा तिथेच फसलेली असते. नंतरचं पेन्सिलिंग (पेन्सिलीने चित्र काढणं), इंकिंग (त्यावर शाई फिरवणं) कितीही सुरेख झालं तरी थंबनेलमधली चूक झाकत नाही. विषम क्रमांकाचं पान उजव्या हाताला येतं, म्हणून त्याच्या शेवटच्या पॅनलमध्ये दाराची कडी वाजते आणि दारात कोण आहे ते पान उलटल्यावर कळतं. एर्जे या बेल्जियन चित्रकाराची टिनटिनची साहसं आधी नियतकालिकांतून थोडी थोडी छापून यायची. पानाच्या तळाशी काहीतरी अधांतरी सोडायची सवय त्या कामातून आली, आणि पुढे त्यांचे अल्बम, म्हणजे पूर्ण गोष्टीची पुस्तकं, निघाले तरी ती लय तशीच राहिली. स्क्रीनवर एकेक पान सरकवत वाचलं तर हा सगळा हिशेब दिसत नाही. परीक्षणासाठी प्रकाशकाने पीडीएफ पाठवली असेल तर छापील प्रत मागून घ्या, आणि ती मिळालीच नाही तर निदान दोन पानं शेजारी-शेजारी दिसतील अशी मांडणी करून वाचा.

मग येतो काळ. कॉमिक्समध्ये वेळ जागेने मोजली जाते. एकाच आकाराचे सहा पॅनल ओळीने आले की ठेका धरला जातो. सातवा पॅनल रुंद झाला की वाचक तिथे रेंगाळतो. शब्द असलेला पॅनल शब्द वाचायला लागतो तेवढा वेळ घेतो, आणि मुका पॅनल किती वेळ घेईल हे वाचकावर सोडलेलं असतं. दोन पॅनलमधल्या कोऱ्या पट्टीला गटर म्हणतात. एका पॅनलमध्ये उगारलेला हात आणि पुढच्यात फुटलेली काच असेल तर फटका त्या पट्टीत पडतो, आणि तो वाचकाने मारलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात या सगळ्याची नीट मांडणी केली आणि एका पॅनलवरून दुसऱ्यावर जाण्याचे सहा प्रकार सांगितले. ते जरूर वाचा. फक्त परीक्षणात ‘येथे क्षणाकडून क्षणाकडे संक्रमण आहे’ असली वाक्यं लिहून थांबू नका. नाव दिल्याने काही कळत नाही. तिथे लेखकाला घाई का करावीशी वाटली, किंवा का रेंगाळावंसं वाटलं, हे सांगितलं तर कळतं.

सराव म्हणून एक गोष्ट करा. मी नव्या मुलांना हीच करायला लावते. एका पानावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त चौकटी, फुगे आणि माणसांच्या नजरांच्या दिशा पेन्सिलीने उतरवा. चेहरे नकोत, कपडे नकोत. नंतर मूळ पान बाजूला ठेवून नुसता तो कागद बघा. नजर कुठून शिरते, कुठे अडते, कुठून पुढच्या पानावर जाते हे लगेच दिसतं. वर डाव्या हाताचा फुगा एका बाईचा, उजवीकडचा एका पुरुषाचा, आणि पुरुषाचं बोलणं आधी यायला हवं असेल, तर बाईला डावीकडे उभं करणं ही चूक आहे. चित्र कितीही देखणं असो. अशा चुका छापून आलेल्या पुस्तकांतही सापडतात. तिथे वाचक एक वाक्य उलटसुलट वाचतो, मनात जुळवून घेतो आणि पुढे जातो, पण तेवढ्यात गोष्टीवरची त्याची पकड सुटलेली असते.

आता पान वाचणं म्हणजे काय ते एका प्रसिद्ध पानावर दाखवते. आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकात येत गेलं, त्याचे दोन खंड १९८६ आणि १९९१ साली निघाले, आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, ही त्याची ओळख सगळ्यांना असते आणि बहुतेक परीक्षणं त्याच रूपकापाशी थांबतात. पहिल्या खंडात व्लाडेक आणि आन्या, म्हणजे स्पीगलमन यांचे आई-वडील, लपण्याची जागा सोडून पोलंडमधल्या सोस्नोविएत्स शहराच्या दिशेने चालत निघतात असा एक प्रसंग आहे. ती दोघं पाठमोरी, अगदी लहान दिसतात. समोर रस्ता फुटतो, आणि जमिनीवरचे ते फाटे नाझींच्या स्वस्तिकाच्या आकाराचे आहेत. मजकूर एवढाच की जायला कुठे जागा नव्हती. कादंबरीकाराला हे लिहायचं झालं तर ‘कुठल्याही वाटेने गेलं तरी तेच’ असं काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि ते भाष्य ठरलं असतं. इथे कोणी भाष्य करत नाही. रस्ते रस्त्यांसारखे आहेत, झाडं झाडांसारखी आहेत, आणि आकार वाचकाला अर्ध्या क्षणाने दिसतो. तो अर्धा क्षण रचून ठेवलेला आहे. ‘चित्रं साधी पण परिणामकारक’ असं लिहिलं तर तो कुणालाच सांगितला जात नाही.

त्या पुस्तकाची रेघही बघा. स्पीगलमन यांनी ती पानं छापायच्याच मापाची, फाउंटन पेनने काढली. सहसा आम्ही मोठ्या कागदावर काढतो आणि छपाईत ते लहान होतं, त्यामुळे थरथर लपते आणि रेघ सफाईदार दिसते. त्यांनी ती सवलत घेतली नाही. म्हणून ती पानं हाताने लिहिलेल्या रोजनिशीच्या जवळ जातात. कौशल्य कमी पडलं म्हणून हे असं झालेलं नाही. त्याच पुस्तकात त्यांचं आधीचं एक छोटं कॉमिक जसंच्या तसं घातलेलं आहे, आणि ते जाड, काळ्या, कोरीव शैलीतलं आहे. ज्याला ते काढता येतं तो हे निवडून काढतो आहे, हे परीक्षकाने सांगायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ घेईन, कारण त्यात पान म्हणजे काय हाच प्रश्न नव्याने विचारलेला आहे, आणि गोष्ट तर आपल्या साताऱ्या-महाडची आहे. २०११ साली नवयान या प्रकाशनसंस्थेने ते इंग्रजीत काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतलं. पुस्तकाचा कणा म्हणजे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी, ज्या त्यांच्या निधनानंतर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापल्या गेल्या. पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग केलेले आहेत: १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं आणि पुढे १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९१७ सालचं बडोदं, आणि १९३४ सालचा दौलताबादचा किल्ला.

काम हाती घेतानाच व्याम दांपत्याने सांगितलं होतं की आमच्या माणसांना आम्ही डब्यांत कोंडणार नाही, आमची कला खुली आहे. कॉमिक्सच्या दृष्टीने हे पायावरच बोट ठेवणं झालं. चौकटी नाहीत, तर गटर नाही. गटर नाही, तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ कसं कळणार? त्यांनी त्याचं उत्तर घरच्या भिंतींवरून आणलं. गोंड बायका घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर डिग्ना काढतात, ते नक्षीचे पट्टे पानावर वळत-वाकत जातात आणि प्रसंगांना सैलसं विभागतात. नजर सरळ रेषेत न जाता त्या पट्ट्यांच्या कडेकडेने फिरते. काही पानांवर ती चुकते, हे खरं आहे, पण मला ते खटकत नाही. वेग कमी होतो, वाचक शोधायला लागतो, आणि या गोष्टी घाईने वाचून संपवण्याच्या नाहीतच.

मसूरचा प्रसंग मूळ आठवणीत कसा आहे ते आधी बघा. नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली. वडिलांना पत्र मिळालेलं नाही, स्टेशनवर कोणी घ्यायला आलेलं नाही. मुलं महार आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनी हाकायची या अटीवर एकजण कबूल होतो. डब्यात भरपूर जेवण आहे आणि घशाखाली उतरवायला पाणी नाही. बाबासाहेबांचं गद्य इथे विलक्षण संयत आहे. ते तपशील सांगतात, विशेषणं देत नाहीत. आता हे चित्रांत आणताना दोन वाटा होत्या. एक, तोच संयम चित्रात पाळायचा. दुसरी, शब्द संयत ठेवून चित्राला मोकळं सोडायचं. ‘भीमायन’ने दुसरी घेतली. तिथे आगगाडी साप होते, किल्ला जनावर होतो. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर बाबासाहेब मुंबईच्या गाडीची वाट बघत कमाटीबागेत बसून राहिले, तिथे त्यांचं शरीरच बाग होतं. महाडच्या भाषणाच्या पानावर लाऊडस्पीकर पाण्याच्या फवाऱ्यांसारखे होतात आणि ऐकणाऱ्या लोकांवर थेंब पडतात.

या शेवटच्या चित्रापाशी जरा थांबते. पाणी नाकारल्याची गोष्ट चालू आहे. तळ्याचं पाणी घेण्याचा हक्क मागण्यासाठी माणसं जमलेली आहेत. आणि चित्रात त्यांच्यापर्यंत पाणी पोचतं आहे ते भाषणातून. हे सगळं एकाच चित्रात, एकही खुलाशाचं वाक्य न लिहिता सांगितलेलं आहे. ‘रूपकांचा सुंदर वापर’ असं इथे लिहून चालणार नाही. लाऊडस्पीकरच का, फवाराच का, मागच्या पानांवरच्या तहानेशी त्याचा धागा कसा जुळतो, हे लिहिलंत तर ज्याने पुस्तक बघितलं नाही त्यालाही पान दिसेल. परीक्षणात एवढं एक पान नीट आलं तरी मी समाधानी होईन.

फुग्यांचंही तसंच. मृदू बोलणारी, सोसणारी माणसं बोलतात तेव्हा फुगा पक्ष्याच्या आकाराचा असतो. ज्यांचे शब्द डसतात त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा काढलेला आहे. ही कल्पना पहिल्यांदा बघितल्यावर आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. पण माझी एक तक्रार आहे, आणि चांगल्या पुस्तकाविषयी तक्रार स्पष्ट सांगावी. नांगी दिसली की वाक्य वाचायच्या आधीच माणूस कसा आहे ते ठरून जातं. जातीचा अपमान पुष्कळदा अतिशय सभ्य भाषेत केला जातो, तोंडावर हसू ठेवून केला जातो, आणि तो ओळखायला ऐकणाऱ्याला वेळ लागतो. मूळ आठवणींत तो वेळ आहे. नांगीच्या फुग्यात तो राहत नाही. दुसरी तक्रार चौकटकथेबद्दल. बसथांब्यावर एक तरुण आरक्षणावर कुरकुर करतो आणि एक बाई त्याला इतिहास सांगते, असा संवाद आहे. नव्या वाचकाला आत घ्यायला तो उपयोगी आहे हे मला मान्य आहे, पण तिथे शब्द पुढे चालतात आणि चित्रं त्यांच्या मागे. व्याम दांपत्याच्या हाताला त्या पानांत करायला फारसं काही उरत नाही.

हीच तुलना दुसऱ्या बाजूनेही करता येईल. अमर चित्रकथेने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला होता. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालिकेची घराण्याची शैली ठरलेली: काटकोनी पॅनल, वरच्या पट्टीत निवेदन, मध्यम अंतरावरून दिसणारी माणसं, वास्तवदर्शी चित्रण. पट्टीत ‘राजा संतापला’ आणि खाली संतापलेला राजा. आज आम्ही नव्यांना सांगतो की चित्रात आहे ते शब्दांत पुन्हा नको. पण हे लिहिताना परीक्षकाने न्यायाने वागावं. ते अंक अशा मुलांच्या हातात जायचे ज्यांना कॉमिक्स वाचायची सवय नव्हती, आणि तेच पान अनेक भाषांत छापायचं असायचं. पट्टीतलं निवेदन तिथे हात धरून नेण्याचं काम करत होतं. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेघेवर, मुळीकांच्या घोड्यांवर, गर्दीच्या रचनेवर मराठीत गंभीरपणे लिहिलेलं फार थोडं सापडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे शिवाजी महाराज आणि कृष्ण कसे दिसावेत हे ज्या हातांनी ठरवलं, त्यांची नावंही बहुतेकांना ठाऊक नाहीत.

आता अक्षरांकडे येते. हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर. मराठी परीक्षणांत लेटरिंगचा, म्हणजे फुग्यांत आणि पट्ट्यांत अक्षरं भरण्याच्या कामाचा, उल्लेख जवळपास नसतो, आणि मराठी वाचकाचं निम्मं वाचन तर त्यावरच चाललेलं असतं. इंग्रजी कॉमिक्समध्ये मोठ्या लिपीतली सारख्या उंचीची अक्षरं असतात, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि उभी जोडाक्षरं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागू नये म्हणून अंतर जास्त लागतं. ज्या फुग्यात इंग्रजीच्या पाच ओळी मावतात तिथे आमच्या साडेतीन-चार. त्यात शब्दयोगी अव्ययांमुळे शब्द लांबतात. ‘स्टेशनमास्तरांच्यासमोरसुद्धा’ हा एक शब्द अख्खा फुगा आडवा करतो, आणि तो मधेच तोडला तर शिरोरेषा तुटते आणि वाचताना ठेच लागते.

१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक ज्यांनी वाचले असतील त्यांना वेताळाचे (इंग्रजीतला ‘फँटम’) गच्च भरलेले फुगे आठवत असतील. मूळ चित्रपट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेली, फुगे इंग्रजीच्या मापाचे, आणि त्यात मराठी बसवायची. अशा वेळी अनुवादकाने कापलं तर अर्थ जातो, न कापलं तर अक्षर बारीक होतं. आजही अनुवादित ग्राफिक नॉव्हेलचं परीक्षण लिहिताना हे बघा: फुग्याच्या कडेला श्वास घ्यायला जागा आहे का, फॉन्ट चित्राच्या रेघेशी जुळतो का, का हाताने काढलेल्या थरथरत्या रेघेशेजारी सरकारी परिपत्रकाचा फॉन्ट ठेवला आहे?

आणखी एक. इंग्रजी कॉमिक्समध्ये जोर द्यायचा शब्द ठळक छापतात. मराठीत जोर ‘च’, ‘ना’, ‘की’, ‘तर’ यांनी येतो. ‘मी जाणार’ आणि ‘मीच जाणार’ यांत ठळक टाईपाची गरजच नसते. ज्या अनुवादात प्रत्येक फुग्यात दोन शब्द ठळक दिसतात तिथे मजकूर मराठी बोलण्याच्या चालीवर तोलून पाहिलेला नाही, असं खुशाल समजा. वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं याचाही परिणाम होतो. ‘मी त्याला त्या रात्री विहिरीजवळ पाहिलं’ या वाक्याचे दोन फुगे करायचे असतील तर कुठे तोडायचं? ‘मी त्याला पाहिलं.’ पुढच्या फुग्यात ‘त्या रात्री. विहिरीजवळ.’ इंग्रजी फुग्यांच्या हिशेबाने केलेला अनुवाद हा विचार करत नाही आणि रहस्य चुकीच्या फुग्यात फुटतं. ध्वनीच्या शब्दांत तर आपण श्रीमंत आहोत: धप्प, खळ्ळकन, चर्र, सळसळ, टपटप. पण शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवते, त्यामुळे स्फोटासारखी अक्षरं उधळायची तर ती रेषा वाकवावी लागते, तडकवावी लागते किंवा काढूनच टाकावी लागते. एखाद्या लेटररने ते नीट केलं असेल तर त्याचं नाव घेऊन लिहा. पुस्तकाच्या श्रेयपानावर नाव असतं, परीक्षणात मात्र ते येत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. रंग ‘आकर्षक’ आहेत का हे विचारू नका, रंग केव्हा बदलतो ते बघा. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ ही ग्राफिक नॉव्हेल २००८ साली आली. ती बरीचशी करड्या-काळ्या छटांत चालते आणि मोजक्या जागी रंग उमलतो. त्या जागांची यादी केलीत तर परीक्षणाचा अर्धा आराखडा तुमच्या हातात येईल.

आपल्याकडे एक वाक्य परीक्षणांच्या सुरुवातीला हमखास भेटतं, की चित्रांतून गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही, अजिंठा आहे, पिंगुळीची चित्रकथी आहे. अभिमान रास्त आहे, पण ते वाक्य तेवढ्यावर सोडू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करत, गात-सांगत कथा लावतात. पुढचं चित्र कधी यायचं ते सांगणारा ठरवतो. प्रेक्षक मागे जाऊ शकत नाही, पुढे डोकावू शकत नाही. कॉमिक्समध्ये हा ताबा वाचकाच्या हातात असतो. तो थांबतो, उलट जातो, शेवटचं पान आधी बघतो, आणि तरीही त्याला आपल्या लयीत ठेवायचं हे चित्रकाराचं कसब. ही तुलना इथपर्यंत नेलीत तर ती कामाची आहे. ओरिजित सेन यांच्या १९९४ सालच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’मध्ये हे छान तपासता येईल. नर्मदेवरच्या धरणाची ती गोष्ट, आणि त्यात आदिवासी गायक सृष्टीची कथा गातो. तिथे गाणाऱ्याचा काळ आणि वाचणाऱ्याचा काळ एकाच पुस्तकात समोरासमोर येतात.

शेवटी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. पुस्तक तीनदा वाचा: एकदा सरळ, एकदा शब्दांवर कागद ठेवल्यासारखं फक्त चित्रं, आणि एकदा फक्त शब्द. नुसत्या शब्दांतून सगळी गोष्ट कळत असेल तर चित्रं सजावटीची आहेत. नुसत्या चित्रांतून सगळी कळत असेल तर शब्द कशाला, हे विचारा. दोन्ही वेळा काहीतरी अपुरं राहत असेल तर तिथेच लिहायला जागा आहे. मग तीन पानं निवडा: एक जे तुम्हाला थांबवून गेलं, एक जे तुम्ही न बघताच ओलांडलं, आणि एक जे फसलं असं वाटतं. परीक्षणाचा गाभा या तीन पानांचा असू द्या. कथानकाला एक परिच्छेद पुरे. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर दोघांची नावं पहिल्याच वाक्यात, एकाच मापाने. प्रकाशकाला विचारून एक पान पूर्ण छापा. एकच पॅनल कापून छापलं तर तुम्ही जे सांगताय ते वाचकाला पडताळता येणार नाही.

पहिल्याच दमात मोठ्या पुस्तकाची धास्ती वाटत असेल तर ‘चिंटू’ची एक पट्टी घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मध्ये ती सुरू केली, घरात जुना संग्रह सापडेलच. हसू कोणत्या पॅनलमध्ये येतं, त्याच्या आधीच्या पॅनलमध्ये किती शब्द आहेत, चिंटू कुणाकडे बघतोय, आणि शेवटचं पॅनल झाकलं तर पट्टी कुठे उभी राहते, यावर दोनशे शब्द लिहा. ‘प्रभावी’ आणि ‘बोलकी’ हे दोन शब्द न वापरता. ते जमलं की ग्राफिक नॉव्हेल उघडा. तुमचं लिहून झालं की निवडलेल्या तीन पानांच्या फोटोंसकट मला जरूर पाठवा, मी पानं समोर ठेवून वाचेन.